पहिला खांब कुणी रोवायचा

तुर्फेना दुसऱ्याच्या शेतात मक्यातलं तण खणत होती, तेव्हा कमरेच्या कापडात खोचलेला फोन गुरगुरला. तिने तो काढून पाहिला, डोळे बारीक करून पुन्हा पाहिला, आणि हातातली कुदळ टाकून तशीच सरीत खाली बसली.

"काय गं, कोण गेलं?" शेजारच्या सरीतल्या बाईने विचारलं. कामाच्या वेळी फोन आला की तो मयताचाच, असा कोरेरा गावाचा अनुभव होता.

"कोणी गेलं नाही. आलंय."

"कोण आलंय?"

तुर्फेनाने फोन पुढे केला. "शून्यं मोज," ती म्हणाली. "मला तीन दिसतात. तुला किती दिसतात?"

पंचावन्न हजार शिलिंग आले होते. दिवसभर तण खणलं की तिला दोनशे मिळायचे, तेही मालकाची मर्जी असली तर. ती बाई शून्यं मोजत असतानाच तिच्याही कमरेला फोन वाजला. मग बांधापलीकडे एक वाजला, खाली ओढ्याकडे आणखी एक. कुणीतरी किंकाळी फोडली. एका बाईने फोन विंचू झटकावा तसा गवतात भिरकावला आणि लगेच गुडघ्यांवर बसून तो शोधायला लागली. दोघी तिघी मात्र तशाच कुदळी धरून उभ्या राहिल्या. त्यांचे फोन वाजणार नव्हते. त्यांनी नावंच दिली नव्हती.

दोन महिन्यांपूर्वी संस्थेची माणसं गावात आली होती. प्रत्येक चुलीमागे पंचावन्न हजार देणार, परत मागणार नाही, कशावर खर्च केले तेही विचारणार नाही, असं सांगत होती. असं कुणी देतं का? हे सापाचे पैसे आहेत, असं गावात झालं. घेतले की घरात नाग येऊन बसतो, तो पहिलं मूल मागतो. शेजारच्या गावात एकीने घेतले आणि तिची शेळी माणसासारखी बोलायला लागली म्हणे. निम्म्या गावाने दारं लावून घेतली. तुर्फेनाने नाव दिलं. ज्या बाईला आपल्याच छपरातून आभाळ दिसतं, ती सापाला किती दिवस घाबरणार?

तिचा नवरा ओगालो सात वर्षांपूर्वी वाळूचा ट्रक उलटून गेला. त्याच्या थडग्याची माती घरासमोरच, अंगणात डाव्या हाताला होती. धाकटी अचोला तेव्हा पोटात होती, थोरली नेरिया सात वर्षांची. त्या दिवसापासून छपराच्या गवताला कुणी हात लावला नव्हता. तिथे गवत मिळत नव्हतं अशातला भाग नाही. पण विधवेने नवऱ्याच्या भाऊबंदांतला एखादा पुरुष पत्करल्याशिवाय तिच्या घराला नवं गवत चढत नाही आणि नव्या घराचा खांब उभा राहत नाही. पहिला खांब त्या पुरुषाने रोवायचा. नाहीतर दोष लागतो. तो बाईला लागला तर एक वेळ चाललं असतं, पण तो पोरांना लागतो. पोरं वाळत जातात.

आणि तिला पत्करायला तेव्हा कुणी पुढे आलं नव्हतं. दीर ओबुयाचं नुकतंच लग्न झालं होतं. पोटुशी वहिनी आणि गळकं छप्पर त्याला नको होतं. "बघू पुढे," तो म्हणाला, आणि सात वर्षं पुढेच बघत राहिला. तुर्फेनाने छपरावर प्लास्टिकचा कागद टाकला, त्यावर दगड ठेवले. कागद फाटला की दुसरा आणला. पाऊस लागला की तिघी एका कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसायच्या, कारण कोरडा कोपरा तेवढाच होता.

म्हणून पैसे आले त्या दिवशी काय करायचं ते तिला शोधावं लागलं नाही. ती घरी आली ती थेट सासूच्या झोपडीत शिरली.

म्हातारी युनिता त्याच आवारात वरच्या अंगाला एकटी राहत होती. सत्तरीची बाई, एका डोळ्यात मोतीबिंदू, पण गावात कुणाच्या मयताला कुठल्या पावलाने शिरायचं, इथपर्यंत सगळ्या रीती तिला तोंडपाठ. लोक वाट वाकडी करून तिला विचारायला यायचे.

"आई, आले," तुर्फेना म्हणाली. "मी पत्रे घेते. घर बांधते."

"घे," म्हातारी म्हणाली. मग म्हणाली, "माझे नाही आले. ओबुया बघून आला. माझं नाव गळलंय म्हणे."

"असं कसं गळेल? माझ्यासमोर तर तुमचं नाव लिहून घेतलं."

"म्हाताऱ्या माणसांना गाळत असतील. आम्ही काय करणार पैशाचं? दातात घालून ठेवणार?" आणि ती आपल्या विनोदाला आपणच हसली. पण हसताना तिने मान दुसरीकडे वळवली होती, हे तुर्फेनाला दिसलं.

म्हातारीकडे फोन नव्हता. तिच्या नावापुढे धाकट्या मुलाचा, ओबुयाचाच नंबर लिहिला होता.

आठवड्याभरात उगुंजाच्या बाजारातून गाढवाच्या गाडीवर वीस पत्रे आले. निलगिरीचे खांब आले, खिळे आले. नेरियाने पत्र्यावर गाल टेकवून पाहिला. गरम लागला म्हणून हसली, पुन्हा टेकवला. तिसऱ्या दिवशी ओज्वांग सुतार आला. त्याने दोरीने जमीन मोजली, चार कोपऱ्यांवर खुंट्या ठोकल्या, दोरी गुंडाळून खिशात ठेवली आणि विचारलं, "पहिला खांब कोण रोवणार?"

"तूच रोव. त्याचेच पैसे देतेय ना?"

ओज्वांग दोन पावलं मागे सरला. "चेष्टा करू नकोस बाई. मला घरी चार पोरं आहेत. आधी माणूस बघ, मग मला बोलव."

दुसरा सुतार आलाच नाही. प्रार्थनामंदिरातले वडीलधारे म्हणाले, आम्ही घरासाठी प्रार्थना करू, खांबाला मात्र हात लावणार नाही. पत्रे अंगणात ओगालोच्या मातीशेजारी पडून राहिले. त्यांच्यावर कोंबड्या बसायला लागल्या.

आणि मग ओबुया आला. हातात पाय बांधलेली कोंबडी, बगलेत साखरेचा पुडा. बाहेर नवी कोरी लाल मोटरसायकल उभी होती. ती त्याने पैसे आल्याच्या आठवड्यातच घेतली होती, आणि आता तो बाजारापर्यंत माणसं सोडायचा.

"वहिनी, बऱ्या आहात ना?" तो म्हणाला आणि न विचारता बसला. सात वर्षांत पहिल्यांदा तो तिच्या घरात बसला होता. तुर्फेना कोंबडीकडे बघतच राहिली.

"सुतार काम सोडून गेला असं ऐकलं," तो म्हणाला. "तुम्ही मला सांगायचं. मी मेलोय का?"

"सात वर्षं मला तसंच वाटत होतं."

"टोमणे मारू नका. तेव्हा माझं वय काय होतं? आता मी आलोय ना. रीतीप्रमाणे होऊन जाऊ दे. मी इथे येईन, राहीन, खांब रोवीन. मिल्ड्रेडची काही हरकत नाही."

"मिल्ड्रेडला विचारलंस?"

"तिला काय विचारायचं?" त्याने छपराकडे पाहिलं, मग बाहेर पत्र्यांकडे. "वीस पत्रे तुम्हाला जास्त होतील. पाच सहा मी माझ्या चुलीच्या खोपीला नेईन. आणि उरलेले पैसे माझ्या फोनवर टाका. बाईमाणसाच्या हातात पैसा बघितला की लोक लुटतात. काल बाजारात एकीला लुटलं."

"कुणाला?"

"होती एक."

तुर्फेनाला राग यायला हवा होता. तो आलाच नाही. तिला आधी नुसतं नवल वाटलं. हा माणूस तिच्या अंथरुणाचं, तिच्या छपराचं आणि तिच्या फोनचं बोलणं एकाच दमात करत होता, आणि बोलताना साखरेचा पुडा उघडून दोन दाणे जिभेवर टाकत होता.

"कोंबडी घेऊन जा," ती म्हणाली. "माझ्याकडे चारायला दाणे नाहीत."

तो हसत उठला. "विचार करा. खांब काही आपोआप उभा राहायचा नाही."

तासाभरात सासू काठी टेकत खाली आली. "हो म्हण," ती म्हणाली. "तुझ्या माहेरच्या, असेम्बोच्या पोरी मुळात हट्टी. पण तू हो म्हण. रीत आहे ती. मीही केलं. तुझ्या पोरींच्या डोक्यावर छप्पर येईल."

"आणि त्याच्या हातात पैसे."

"जाऊ दे पैसे. पैसे काय, आज आहेत."

"आई, तुम्हाला तो आवडतो म्हणून तुम्ही बोलता."

"माझा पोरगा आहे," म्हातारी म्हणाली. "आवडायचा प्रश्न येतो कुठे?"

तुर्फेनाने तीन दिवस हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. चौथ्या दिवशी ती हो म्हणणार होती. हे तिने पुढे कुणाला सांगितलं नाही, पण तिने मनात ठरवलं होतं. अचोला आदल्या पावसात भिजली होती, खोकत होती. तुर्फेनाने पाणी तापवून अंघोळही करून ठेवली होती. तेवढ्यात आवारात लिनेट आली.

लिनेट संस्थेची. किसुमूची मुलगी, पंचवीस एक वर्षांची, बुटांना चिखल लागलेला, हातात काचेची पाटी. पैसे मिळाले का, कुणी हिसकावले का, हे विचारत ती घरोघर फिरत होती. तुर्फेनाने तिला आंब्याखाली स्टूल दिलं. सासू वरून उतरून आली आणि बसायच्या आधीच बोलायला लागली.

"तू ती पैशावाली का? मग ऐक. पोरीबाळींना दिलेत, दारुड्यांना दिलेत, आणि माझं नाव गाळलंत! माझी चूल तुमच्या डोळ्यांना दिसली नाही? की माझ्या एका डोळ्याचा तुम्हालाच मोतीबिंदू झाला?"

लिनेटने घाबरून पाटीवर बोट फिरवलं. "आजी, तुमचं नाव?"

"युनिता. ओगालोची आई."

"आजी, तुमचे पैसे गेलेत. सगळ्यांचे गेले त्याच दिवशी. पंचावन्न हजार. पोचल्याची नोंद आहे."

"कुठे पोचले?"

लिनेटने नंबर वाचून दाखवला. तिने शेवटचे आकडे वाचायच्या आतच नेरिया दारातून बोलून गेली, "तो तर काकाचा नंबर आहे."

तुर्फेनाच्या डोळ्यांसमोर ती लाल मोटरसायकल आली. नव्या मोटरसायकलला एका घरचे पैसे पुरत नाहीत, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. लोकांनी विचारलं तेव्हा ओबुयाने हप्त्यांवर घेतली म्हणून सांगितलं होतं, आणि सगळ्यांनी ते मानलं होतं. तिनेही मानलं होतं. बायकोच्या नावाचे पंचावन्न आणि आईच्या नावाचे पंचावन्न. त्या दोन घरांवर बसून तो रोज आवारासमोरून जात होता, आणि आई त्याला हात करत होती.

म्हातारी उभीच होती. "वाच परत," ती म्हणाली.

लिनेटने परत वाचलं.

"आजी, तक्रार नोंदवता येते. आमचं ऑफिस चौकशी करतं. मी लिहून घेऊ?"

"माझ्या पोटच्या पोराचं नाव मी तुझ्या पाटीवर लिहू?" म्हातारीचा आवाज इतका बारीक झाला होता की लिनेटला पुढे वाकावं लागलं. "तो मला म्हणाला, आई, तुझं नाव गळलं. मी त्याला म्हटलं, जाऊ दे बाळा. मी त्याची समजूत काढली. त्याला वाईट वाटू नये म्हणून मी हसले."

ती वळली आणि चढ चढून आपल्या झोपडीत गेली. काठी आंब्याखालीच राहिली.

दोन दिवस ती बाहेर आली नाही. तुर्फेनाने पेज नेली, ती तशीच परत आणली. ओबुया एकदा आला, दाराबाहेर उभा राहून "आई, आई" म्हणाला. आतून आवाज आला नाही, म्हणून निघून गेला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण लिनेट येऊन गेल्याचं त्याला कळलं असणार. त्या दोन दिवसांत तो आवारासमोरून मोटरसायकल लोटत न्यायचा, इंजिन बंद ठेवून.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुर्फेना भांडी घासत होती, तेव्हा म्हातारी समोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात पहार होती.

"खड्डा कुठे घ्यायचा?"

"कसला खड्डा?"

"बहिरी झालीस का? पहिल्या खांबाचा. ओज्वांगने खुंटी कुठे ठोकलीय?"

तुर्फेनाचे राखेने भरलेले हात तसेच राहिले. "आई, तुम्हीच म्हणालात..."

"मी म्हणाले." म्हातारी पत्र्यांच्या ढिगाच्या कडेला टेकली. "ओगालो पाच वर्षांचा होता तेव्हा त्याचा बाप गेला. माझंही छप्पर असंच गळत होतं. भाऊबंदांतला एक आला. रीतीप्रमाणे राहिला, खांब रोवला. एक खांब. बाकीचे मीच माणसं लावून घेतले. वर्षाने माझ्या दोन गाई सोडून घेऊन गेला. मी दारात उभी होते, ओबुया पोटात होता, सातवा महिना. मी त्याला थांब म्हटलं नाही. मला वाटलं, रीतच आहे. तीस वर्षं होत आली, मी प्रत्येक बाईला सांगत आले, रीत आहे." तिने पहार तुर्फेनाच्या पुढ्यात टाकली. "खण."

"दोष लागला तर?"

"मला माहीत नाही," म्हातारी म्हणाली. "लागला तर लागला. माहीत आहे असं मी आता कशाबद्दलच म्हणणार नाही."

तुर्फेना खणायला लागली. पहिले चार घाव खुंटीपासून लांब पडले. पहारीचा आवाज ऐकून आधी शेजारची बाई आली, मग रस्त्यावरून जाणारे थांबले. ऊन डोक्यावर यायच्या आत कुंपणापलीकडे तीस चाळीस माणसं जमली. कुणी आत येईना. ओज्वांगही त्यांत होता, मोजायची दोरी हातात घेऊन. एका म्हाताऱ्याने ओरडून विचारलं, "युनिता, हे काय चाललंय?" तिने खड्ड्यातली माती हाताने बाहेर ओढली.

खड्डा कोपरभर खोल झाला. तुर्फेनाने निलगिरीचा खांब उचलला, सासूने तो मधोमध धरला. तेवढ्यात लाल मोटरसायकल धुरळा उडवत आली आणि कुंपणाशी बंद पडली.

"आई!" ओबुया धावतच आत आला. "काय करतेस? अगं, दोन पोरी आहेत त्या घरात! वहिनीला अक्कल नाही, तुला तरी? सोड तो खांब!"

"सोडते," म्हातारी म्हणाली. तिने खांब सोडला नाही. "आधी माझे पैसे कुठे आहेत ते या लोकांना सांग. मग सोडते."

ओबुयाने वळून कुंपणापलीकडच्या लोकांकडे पाहिलं.

"सांग. नाव गळलं होतं ना माझं? कुठे गळलं? कुणाच्या फोनात गळलं?"

कुंपणापलीकडे कुजबुज झाली. लोकांच्या माना मोटरसायकलकडे वळल्या, मग परत ओबुयाकडे. त्यांत मिल्ड्रेडही होती, काखेत मूल घेऊन. तिने नवऱ्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून तुर्फेनाला कळलं की तिलाही हे आत्ताच कळतंय.

"तुझ्या बापाने एका खांबापायी माझ्या दोन गाई नेल्या," म्हातारी म्हणाली. आणि आता मात्र सगळ्यांनी श्वास रोखला, कारण ओबुया कुणाचा ते सगळं गाव जाणून होतं आणि आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. खुद्द तिने नव्हतं. "मी तुला ओगालोच्याच बापाचं नाव दिलं, त्याच्याच जमिनीवर वाढवलं. तरी तू आपल्या बापावरच गेलास. माती लोट गं."

तुर्फेनाने माती लोटली. सासू खांबाभोवती अनवाणी पायांनी फिरत माती दाबत राहिली. ओबुया मध्ये उभा होता, दोन्ही हात लोंबत. मग तो वळला आणि चालत निघून गेला. मोटरसायकल कुंपणाशी तशीच राहिली. संध्याकाळी मिल्ड्रेड येऊन लोटत घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओज्वांग आला. "पहिला झालाय ना? दुसऱ्यापासून पुढे माझं काम," एवढंच म्हणाला आणि करवत काढली.

बारा दिवसांत घर उभं राहिलं. आत गेल्यावर तुर्फेना वर बघायची आणि तिला काही दिसायचं नाही, याचंच तिला नवल वाटायचं. गाव मात्र थांबलं होतं. लोक हसून बोलायचे आणि बोलता बोलता नजर अचोलाकडे न्यायचे. "बरी आहे ना पोरगी?" असं विचारायचे. रोज कुणी ना कुणी विचारायचं.

सोळाव्या दिवशी सकाळी अचोला उठली नाही.

अंग तापलेलं, डोळे अर्धवट उघडे, हाक मारली तर ओळख नाही. तुर्फेनाने तिला हलवलं, मान कापडासारखी लोंबली. आणि तुर्फेना मुलीला तशीच टाकून बाहेर धावली. तिने कुदळ उचलली आणि पहिल्या खांबाच्या बुडाशी घाव घालायला सुरुवात केली. काय करतेय ते तिला कळत नव्हतं. खांब उपटला तर दोष उतरेल, एवढंच डोक्यात होतं. वरून पत्रे कोसळतील, आत पोरगी आहे, हे तिला सुचलंच नाही.

म्हातारीने मागून येऊन कुदळीचा दांडा धरला. "पोरगी उचल!" ती किंचाळली. "खांब काय उचलतेस! पोरगी उचल!"

नेरिया रडत रस्त्याकडे पळाली होती. उगुंजाचा दवाखाना दोन तासांच्या चालीवर. तुर्फेना मुलीला पाठीशी बांधत होती तेव्हा मोटरसायकल आवारात शिरली. खांब रोवला त्या दिवसानंतर ओबुया इथे आला नव्हता. त्याने कुणाकडे पाहिलं नाही.

"बसा, वहिनी."

तिने पोरगी पाठीशी घट्ट आवळली. मग बसली.

दवाखान्यात परिचारिकेने अचोलाच्या बोटातून रक्ताचा थेंब काढला, थोड्या वेळाने कागद घेऊन आली. "मलेरिया आहे. वेळेत आणलंत."

"बाई, एक विचारू?" तुर्फेना म्हणाली. "हा घराच्या खांबामुळे होतो का?"

परिचारिका तिच्याकडे बघत राहिली. तिने बरंच ऐकलं असणार, पण हे नव्हतं. "डासांमुळे होतो," ती म्हणाली. "मच्छरदाणी लावता का?"

दिवसभर सलाईन चाललं. ओबुया गेला नाही. बाकावर तिच्यापासून एक माणूस बसेल एवढं अंतर सोडून बसला होता. दुपारी त्याने दोन मंदाझी, म्हणजे तळलेले गोड पाव, आणि चहा आणला, तिच्या बाजूला ठेवला.

"वहिनी," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "त्या दिवसापासून मी वाट बघत होतो. पोरींना काहीतरी व्हावं म्हणून. म्हणजे माझं खरं ठरलं असतं. लोक म्हणाले असते, ओबुया बरोबर होता. आणि आज नेरिया रडत आली, तर माझे पाय चालेनात. मी हे मागितलं होतं का? मला कळेना."

तुर्फेनाने चहाचा पेला उचलला, परत ठेवला. या माणसाला शिव्या द्याव्यात की त्याच्या पाठीवर हात ठेवावा, तिला कळत नव्हतं. तिने दोन्ही केलं नाही.

"आईचे पैसे परत कर," ती म्हणाली.

"कुठून?"

"ते मला विचारू नकोस."

संध्याकाळी अचोलाने डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं, तर मंदाझी कुणी खाल्ली.

ओबुया आता दर शनिवारी आईच्या दारात येतो, तीनशे शिलिंग उंबऱ्यावर ठेवतो. एखादा शनिवार चुकवतोही. म्हातारी ते उचलते, मोजत नाही आणि त्याला बस म्हणत नाही. मिल्ड्रेडने मात्र आपल्या पैशांबद्दल त्याला माफ केलेलं नाही, आणि ते सगळ्या गावाला रोज ऐकू येतं. तिने स्वतःच्या नावावर स्वतःचा फोन घेतला. लोक युनिताकडे अजून रीती विचारायला येतात. ती म्हणते, "मला नका विचारू, मी विसरले." ते हसतात. त्यांना वाटतं, म्हातारी खोटं बोलते.

मका काढणीला आला तेव्हा एका दुपारी तुर्फेनाच्या कुंपणाशी एक बाई येऊन उभी राहिली. तिची चप्पल एका पायाला दोरीने बांधलेली. आत येईना, हाकही मारीना. नुसती घराकडे, मग तुर्फेनाकडे बघत राहिली.

"कोण हवंय?" तुर्फेनाने विचारलं.

"आपला खांब आपणच रोवला ती बाई इथे राहत होती ना?"

"राहत होती म्हणजे? मीच ती."

त्या बाईने हात तोंडावर नेला. "तू जिवंत आहेस," ती म्हणाली. "आमच्याकडे सांगतात, तू आठ दिवसांत गेलीस. तुझ्या पोरीही गेल्या. माझंही छप्पर गळतंय. मी खात्री करायला चालत आले. पहाटे निघाले."

तेवढ्यात अचोला कणसं भरलेली टोपली डोक्यावर घेऊन मागून आली, परक्या बाईला पाहून थांबली. बाई तिच्यासमोर खाली बसली. तिने मुलीचे गाल चाचपले, दंड चाचपले, पोटऱ्या चाचपल्या. शेळी विकत घेताना चाचपतात तशा. आणि मग ती मातीत बसून मोठमोठ्याने रडायला लागली.

"काय झालं हिला?" अचोला घाबरून म्हणाली.

"काही नाही," तुर्फेना म्हणाली. "आजीला बोलव. आणि चुलीवर पाणी ठेव."